नऊ ठोक्यांची दुपार

शेजारच्या बाईंशी माझी ओळख झाली ती पत्रपेटीपाशी. अमेरिकेतल्या रेडमंडला आम्ही घर घेतलं त्या हिवाळ्यात, पाऊस चालू असताना, दोघी एकाच वेळी आपापल्या पेटीच्या कुलपाशी झटत होतो. त्या ऐंशीच्या पुढच्या, मी पंचेचाळिशीतली. त्या एका शाळेत ग्रंथपाल होत्या, आता निवृत्त. त्यांचे आजोबा जपानमधून इथं आले. त्या स्वतः जन्मानं अमेरिकन, जपानला उभ्या आयुष्यात दोनदा गेलेल्या. मी काय करते असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सॉफ्टवेअर टेस्टर आहे, कॅलेंडरच्या टीममध्ये. आणि का कुणास ठाऊक, माझे वडील नागपूरला घड्याळजी होते हेही सांगून टाकलं.

त्यांनी भर पावसात छत्री मिटली.

"घड्याळं दुरुस्त करायचे?"

"बेचाळीस वर्षं."

"मग जरा आत ये," त्या म्हणाल्या. आम्ही बोलायचो इंग्रजीतच, पण त्यांचं बोलणं मला आठवतं ते मराठीत आठवतं, एखाद्या मावशीनं बोलावं तसं.

बैठकीच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटाशेजारी, एका उंच लाकडी घडवंचीवर ते घड्याळ होतं. पितळेची हातभर उंचीची पेटी, चारी बाजूंना कोरलेली फुलं, डोक्यावर घंटा. तबकडीवर आकडे नव्हते, जपानी अक्षरं होती. घंटेखाली दोन आडव्या दांड्या, एकीखाली एक, आणि त्यांना खाचांची रांग. लंबक नाही. किल्लीला भोक नाही.

"मी जन्मल्यापासून हे बंद आहे," बाई म्हणाल्या.

त्यांचा जन्म छावणीतला. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं संशयापोटी इथल्या जपानी कुटुंबांना घरंदारं सोडून छावण्यांत नेलं, तेव्हा माणशी हाताला पेलेल तेवढंच सामान घेता येत होतं. घड्याळ एका चर्चच्या माळ्यावर राहिलं. परत आल्यावर ते मिळालं, पण चाललं नाही. पुढं दोन दुरुस्तीवाल्यांना दाखवलं. एकानं सांगितलं, शोभेला ठेवा. दुसरा म्हणाला, आतलं सगळं काढून बॅटरीवरचं यंत्र बसवून देतो. बाईंनी त्याला दार दाखवलं होतं.

"तुझ्या वडिलांना फोटो दाखवशील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, नागपुरात रात्र असताना, मी बाबांना व्हिडिओ कॉल केला. हात थरथरायला लागले म्हणून चार वर्षांपूर्वी बाबांनी महाल भागातलं दुकान बंद केलं होतं. तेव्हापासून फोनवर ते माझ्याशी हवा-पाण्यापलीकडे फारसं बोलत नसत. फोटो बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"एका घड्याळाला तोलाच्या दांड्या दोन काऊन?" ते म्हणाले. "असं मी पाहिलं नाही कधी. जवळ ने बरं फोन. अजून जवळ."

मी म्हटलं, "बाबा, मी घरी आहे. घड्याळ त्यांच्याकडे आहे."

"मग इथं बसून काय करून राहिली? जा ना."

असं ते सुरू झालं. हिवाळाभर प्रत्येक शनिवारी सकाळी मी बाईंच्या जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरून बसायची. समोर फोन उभा, त्यात बाबा. लहानपणी दुकानात मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून गृहपाठ करायची. चिमटा धरायला त्यांनी मला तिथंच शिकवलं होतं. तो हात अजून राहिलाय असं मला वाटलं नव्हतं. पण डोळ्याला भिंग लावलं आणि बोटांना आपोआप आठवायला लागलं.

"आधी खोलू नको. फोटो काढ. प्रत्येक खिळ्याचा काढ." मग, "ब्रश कोरडा. तेलाची घाई नको." मग डोळे बारीक करून, "या माणसानं कानस किती हलक्या हातानं चालवली पाहून राहिली का तू? एक दाता मोठा नाही, एक लहान नाही. मशीन नव्हतं त्याच्याजवळ."

बाई चहा घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना ते सांगितलं. "माझे पणजोबा," त्या म्हणाल्या. "त्यांनी केलंय ते."

घड्याळाचं मोडलेलं फार काही नव्हतं. वजनाची दोरी कुजली होती, आणि दांड्या ज्या रेशमी धाग्यांवर टांगलेल्या असतात ते तुटले होते. मी नायलॉनचा दोरा आणला. बाबांनी फोनमधूनच तो फेकायला लावला. "नायलॉन ताणतो. रेशीमच घे. साड्या नाहीत का तुझ्याजवळ?" एका विरलेल्या रेशमी साडीच्या पदरातून मी चार लांब धागे ओढले, पीळ दिला, मेण लावलं. मार्चमधल्या एका शनिवारी वजन लटकवलं, वरची दांडी बोटानं हळूच ढकलली, आणि ती आपली आपण परत आली. टक्. मग पुन्हा. टक्.

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या खुर्ची ओढून घड्याळासमोर बसल्या आणि दुपारपर्यंत तिथून उठल्या नाहीत.

मला वाटलं, जिंकलो. पण नाही. चालायला लागलेलं घड्याळ वेडंवाकडं वाजत होतं.

माझं कामच मुळी चुका शोधायचं. दर मार्च-नोव्हेंबरात इथं घड्याळं तासभर पुढंमागं करतात, तेव्हा आमच्या टीमची झोप उडते. कुणाची मीटिंग दोनदा दिसते, कुणाची गायब होते. तेव्हा मी इथंही तेच केलं. घड्याळापाशी जुना फोन रेकॉर्डिंगला ठेवला आणि ठोक्यांची यादी केली. नऊ. मग एक. मग आठ. मग दोन. सात, एक. सहा, दोन. पाच, एक. चार, दोन. आणि पुन्हा एकदम नऊ. ठोके वाढायच्या ऐवजी उतरत होते. त्यातून दिवसा दोन ठोक्यांमधलं अंतर वेगळं आणि रात्री वेगळं. मी दोन्ही चुका लाल रंगात लिहिल्या.

बाबांना यादी वाचून दाखवली. "ठोक्यांचं चक्र कोणीतरी उलटं बसवलं असेल," ते म्हणाले. मलाही तेच वाटलं. पुढचा अख्खा शनिवार घालवून मी ते चक्र काढलं, फिरवून बसवलं. घड्याळ एकदा खरखरलं आणि अडकून बसलं. परत काढलं, परत होतं तसं बसवलं. पुन्हा चालू झालं. नऊ, एक, आठ.

इंटरनेटवर अशा घड्याळांचे फोटो मला सापडले होते. ठोक्यांबद्दल शोधायचं मात्र सुचलंच नाही. घड्याळ एक, दोन, तीन असंच वाजवतं; त्यात शोधायचं काय? तबकडीवरची जुनी अक्षरं बाईंनाही वाचता येत नव्हती.

एप्रिलमध्ये एका दुपारी मी थकून, अगदी वैतागून बसले होते. बाईंनी तांदळाची खारी बिस्किटं आणि चहा समोर ठेवला.

"सोड ते. ओयात्सु घे."

"म्हणजे?"

"मधल्या वेळचं खाणं. आमच्याकडे आजी रोज दुपारी हाक मारायची, ओयात्सु! की आम्ही सगळी पोरं धावायचो."

"बिस्किटांना म्हणतात?"

"कशालाही. दुपारी खायचं ते. खरं तर यात्सु म्हणजे आठ. आता खाण्याला आठ का म्हणायचं, कोण जाणे. आजीलाही माहीत नव्हतं."

माझा हात बशीपर्यंत गेलेला तसाच राहिला. भिंतीवरच्या साध्या घड्याळात साडेतीन होत आले होते. जुन्या घड्याळानं थोड्याच वेळापूर्वी आठ ठोके दिले होते. आणि मी नुकतंच वहीत लिहिलं होतं: पुन्हा चूक.

"तुमच्या आजीच्या आजीला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच वेगळा वाटला. "दुपारचे आठ वाजलेत. आत्ता. हे घड्याळ बरोबर आहे!"

मग आम्ही दोघी लॅपटॉपसमोर बसलो, आणि जे आधीच विचारायला हवं होतं ते विचारलं. उत्तर पहिल्याच पानावर होतं. जुन्या जपानात मध्यान्हीला नऊ ठोके. तिथून आठ, सात, सहा, पाच, चार. मध्यरात्री पुन्हा नऊ. मधले एक-दोन ठोके म्हणजे अर्धा तास झाल्याची खूण. दिवसाचे सहा भाग, रात्रीचे सहा. उन्हाळ्यात दिवसाचा भाग लांब, हिवाळ्यात आखूड. तास ऋतूबरोबर ताणणारा आणि आटणारा. दोन दांड्या त्यासाठीच. एक दिवसाची, एक रात्रीची. खाचांमध्ये छोटी वजनं अडकवायची आणि दर पंधरा दिवसांनी ती सरकवायची.

संध्याकाळपर्यंत आम्ही वाचत होतो. यंत्राची घड्याळं जपानला मुळात युरोपातल्या धर्मगुरूंनी नेली, पार शेकडो वर्षांपूर्वी. सारख्या तासांची. जपानी कारागिरांनी ती उघडून बघितली, शिकली, आणि मग आपल्या सूर्याप्रमाणे चालतील अशी नव्यानं घडवली. पुढं कित्येक पिढ्या तशीच चालली. मग बाहेरच्यांना बंद असलेले देशाचे दरवाजे उघडले, नवं सरकार आलं, आणि त्यानं पश्चिमेकडून रेल्वे आणली, शाळा आणल्या, पलटणीचे गणवेश आणले. त्याबरोबर कॅलेंडर आणि चोवीस सारखे तासही. लोकांना जेमतेम काही आठवडे आधी सांगितलं. ठरलेल्या दिवशी देशातली जुनी सगळी घड्याळं एकदम निरुपयोगी झाली.

बाईंनी लॅपटॉप मिटला.

"आमच्या घरात एक गोष्ट सांगतात," त्या म्हणाल्या. "पणजोबा त्या दिवशी दुकान बंद करून समुद्रावर गेले. तीन दिवस घरी आले नाहीत. चौथ्या दिवशी आले, जेवले, आणि गावात एक परदेशी घड्याळ कुणाकडे तरी होतं ते मागून आणून पूर्ण खोललं. म्हातारपणी स्टेशनवरचं घड्याळ तेच बघायचे. गाडी वेळेवर सुटली की म्हणायचे, माझ्या घड्याळानं सोडली. मी लहानपणी हे ऐकून हसायचे. हे एक त्यांनी का ठेवलं ते कुणी सांगितलं नाही."

दुसऱ्या दिवशी मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

"आपण त्याची चूक काढत होतो," ते म्हणाले. "त्याची!"

मी माझ्या यादीतल्या दोन्ही लाल ओळी खोडल्या. माझ्या नोकरीच्या आयुष्यात चुका खोडताना इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

बाईंनी तोवर एक गोष्ट मनावर घेतली होती. जुलैच्या शेवटी जुन्या जपानी कुटुंबांचा उन्हाळी मेळावा असतो, गावाबाहेरच्या एका सभागृहात. तिथं त्या हे घड्याळ नेणार होत्या. "मध्यान्हीचे नऊ ठोके सगळ्यांना ऐकवायचे," त्यांनी जाहीर केलं आणि संयोजकांना कळवूनही टाकलं. मला विचारलं नंतर.

जून उजाडला आणि नवंच संकट आलं. घड्याळ पुढं पळायला लागलं. बाईंच्या अंगणात मी एक सरळ काठी रोवली होती. तिची सावली सगळ्यात आखूड होते तेव्हा खरी मध्यान्ह. सकाळी उजाडताना घड्याळ लावावं, तर सावली आखूड व्हायच्या पाऊण तास आधीच नऊ ठोके पडायचे. दांडीवरची वजनं बाहेर सरकवली की चाल मंदावते, म्हणून मी ती शेवटच्या खाचेत नेली. तरी तेच. पुढं खाचच नव्हती.

"इतक्या हुशार माणसानं खाच कमी ठेवली?" मी बाबांना म्हटलं.

"त्याला दोष देऊ नको आता," बाबा करड्या आवाजात म्हणाले. मग विचारलं, "तिथं दिवस केवढा असते गं उन्हाळ्यात?"

"सोळा तास."

"सोळा!" नागपूरच्या माणसाला ते खरं वाटेना. "आणि जपानात?"

मी शोधलं. सर्वांत मोठा दिवस साडेचौदा तासांचा.

फोनमध्ये बाबा हसायला लागले. कित्येक वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "अगं, त्यानं त्याच्या गावच्या सूर्यासाठी बनवलं. तू त्याला दुसऱ्याच सूर्याखाली आणून बसवलं. खाच नको बनवू, पितळेला कानस लावायची नाही. वजन जड कर. थोडंसंच."

हार्डवेअरच्या दुकानातून मी सर्वांत बारीक वॉशर आणले. दिवसाच्या दांडीवर दोन्ही टोकांना एकेक अडकवला. फार मंद झालं. एक लहान मापाचा घेतला. दहा मिनिटं पुढं. त्याला तारेचं एक वेटोळं गुंडाळलं. रोज ऑफिसला जाताना आणि येताना मी बाईंकडे डोकावत होते. मधल्या वेळेत त्या सावलीवर लक्ष ठेवून मला मेसेज करायच्या. "तीन मिनिटं आधी." "पाच उशिरा." जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी माझ्या फोनवर मेसेज आला, "आत्ता. दोन्ही एकदम." ऑफिसमध्ये माझ्या तोंडून निघालेली आरोळी ऐकून शेजारच्या टेबलावरच्या माणसानं हेडफोन काढले.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी लवकर जाऊन आम्ही घड्याळ सभागृहात मांडलं, सपाटी बघितली, वेळ लावली. बाहेर गवतात काठी रोवली. अकरापर्यंत दीडएकशे माणसं जमली असतील. आज्या, आजोबा, कडेवरची बाळं, टॅटूवाली तरुण मंडळी. बाराला पाच कमी असताना संयोजकांनी सगळ्यांना शांत केलं. सगळे घड्याळाकडे बघत उभे राहिले.

बारा वाजले. काही झालं नाही.

बारा वाजून तीन मिनिटं. कुणीतरी खोकलं. संयोजक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बंद पडलं का? काही हरकत नाही, आपण जेवण सुरू करू."

आणि माझ्या लक्षात आलं की हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. कॅलेंडरच्या टीममधल्या बाईनं! मी माईक मागितला. एवढ्या माणसांसमोर बोलायची मला सवय नाही.

"तुमच्या फोनमधले बारा खरे नाहीत," मी म्हणाले. लोक हसले. "उन्हाळ्यात सरकार आपल्याला तासभर पुढं ढकलतं, ते तुम्हाला माहीतच आहे. वर इथला सूर्य फोनच्या मागं आहे. इथली खरी मध्यान्ह आज साधारण सव्वा वाजता होणार. हे घड्याळ सूर्याला विचारून चालतं. तुम्ही जेवून घ्या. ते थांबेल."

लोक जेवायला गेले. मी ताटली न घेता घड्याळापाशीच थांबले. बाईंनी मात्र दोन वेळा भात घेतला.

एक वाजल्यावर लोक आपणहून परत यायला लागले, हातात कागदी ताटल्या घेऊन. काही जण बाहेर काठीभोवती उभे राहिले आणि तिथून आत ओरडून सांगू लागले, "अजून आखूड होतेय!" एक वाजून बारा मिनिटं. तेरा. घड्याळाच्या आत कुठंतरी किर्र झालं. मला तो आवाज ओळखीचा होता. ठोका पडायच्या आधी चक्र सुटतं त्याचा. मी बाईंचा हात धरला.

पहिला ठोका पडला. त्या घंटेचा आवाज तसा लहानच, पण सभागृहात सुई पडली तरी ऐकू आली असती. लोक मोजायला लागले. आधी पुटपुटत, मग मोठ्यानं. म्हातारी माणसं जपानीत, मुलं इंग्रजीत. मी मराठीत मोजत होते हे मला सातव्या ठोक्याला कळलं. आठ. नऊ. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "सावली थांबली!" आणि मग जो गजर झाला तो मी अजून विसरलेले नाही. ताटल्या खाली ठेवून लोक टाळ्या वाजवत होते. संयोजक माझा हात सोडेनात.

बाई घड्याळासमोर गेल्या. पाठ ताठ करून उभ्या राहिल्या, कमरेतून वाकून त्यांनी नमस्कार केला, आणि वळून माईकवर एकच वाक्य बोलल्या, "माझे पणजोबा वेळेवर आलेत, आता ओयात्सु घेतल्याशिवाय कुणी निघून जायचं नाही." दुपारी जवळपास चारला घड्याळानं आठ दिले, तेव्हा सभागृहातल्या एकूण एक मुलाच्या हातात काहीतरी गोड होतं.

व्हिडिओ मी बाबांना लगेच पाठवला होता. त्यांची सकाळ झाली तेव्हा आमच्याकडे त्याच दिवसाची संध्याकाळ होती. फोन वाजला. कॅमेऱ्यात घर दिसेना. मागं रस्ता, सायकली, एक अर्धवट उघडं शटर. मला ओळखायला क्षणभर वेळ लागला. ती महालातली आमची गल्ली होती. चार वर्षांत बाबा त्या बाजूला फिरकले नव्हते.

"मी इथं आलो आहे," ते म्हणाले. त्यांच्यामागं घड्याळाच्या लायनीतले त्यांचे दोघं जुने सोबती फोनमध्ये डोकावत होते. "यांना दाखवून राहिलो. हा म्हणतो, दोन तोलाचं घड्याळ होतच नाही. आता तू सांग याला. नीट सांग, पहिल्यापासून."

मी खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.